चाकांच्या टोप्या

‘मारोतराव, सोनं उद्या लुटायचं. तुम्ही आजच काढून बसलात होय?’

असं म्हणत डॉक्टरांच्या पत्नी सत्यवतीबाई झेंडूची टोपली घेऊन व्हरांड्यातून आत गेल्या, आणि मोटारीच्या पुढल्या चाकाशी उकिडवा बसलेला ड्रायव्हर मारोतराव मान खाली घालून हसला. बाईंनी थट्टा केली की हसायचं, हे या घरात पंचवीस वर्षं काढल्यावर त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. मग थट्टा कळो न कळो. पण आजची थट्टा हसून झाल्यावरही घशाशी अडकून बसली. कुठलं सोनं? दसरा उद्या, आज खांडेनवमी. दरवर्षी नवमीला सकाळी तो डॉक्टरांची मोटार धुऊनपुसून लख्ख करतो, तशीच आजही करत होता. चाकाच्या मधोमध बसवलेली ती निकेलची टोपी त्याच्या पुढ्यात होती, आणि खरं सांगायचं तर ती त्याला अजून मळकटच दिसत होती. गेला महिना-सव्वा महिना मळकटच दिसत होती. सोनं कसलं, धड चांदीसुद्धा नाही, असं मनात म्हणत त्याने फडकं पुन्हा राखेत बुडवलं आणि घासायला घेतलं. चार वेळा हात फिरला असेल, मग आपोआप थांबला. बाई थट्टा करतात खऱ्या, पण उगाच नाही करत. काही दिसल्याशिवाय त्या बोलायच्या नाहीत.

मोटार धुण्याची त्याची एक रीत होती आणि त्या रीतीत तो कुणाला बोट लावू देत नसे. आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवायची, छतापासून खाली. फडकं लावायचं नाही, नाहीतर धुळीचे कण रंगावर ओरखडे काढतात. मग रिठ्याचं पाणी, मग पुन्हा साधं पाणी, आणि मग ते मऊ शामीचं कातडं पिळून पिळून पाणी टिपून घ्यायचं. चाकं शेवटी. लाकडी आऱ्यांच्या खोबणीतलं ओंगण आधी घासलेटात भिजवलेल्या जुन्या ब्रशने काढायचं, आऱ्यांना जवसाचं तेल चोपडायचं, आणि सगळ्यात शेवटी टोप्या. टोप्यांना खडूची वस्त्रगाळ पूड आणि जुन्या फलाटिणीचा तुकडा, दुसरं काही नाही. सन अठ्ठावीस साली मोटार आली तेव्हा दुकानच्या मेस्त्रीने त्याला बजावून सांगितलं होतं: निकेल म्हणजे मुलामा आहे, भांडं नाही, जपून हात लाव. पंधरा वर्षं त्याने जपून हात लावला. धंतोलीतल्या दहा मोटारी एका रांगेत उभ्या केल्या असत्या तरी डॉक्टर मनोहररावांची मोटार तिच्या टोप्यांवरून कुणीही ओळखली असती. टोपीत तोंड पाहून मिशी कातरता येते, असं डॉक्टर स्वतः लोकांना सांगायचे, आणि एकदा त्यांनी खरंच तसं करून दाखवलं होतं.

पण पोळा झाला तेव्हापासून या टोप्या काही केल्या चमकेनात. त्याने खडू बदलला. लढाईमुळे चांगला खडू मिळत नाही, भेसळ आहे, असं त्याने ठरवून टाकलं. गांधीबागेतल्या कापडदुकानातून नवी फलाटीण आणली, तरी तेच. टोपीवर कुणी ताक शिंपडावं तसा पांढुरका थर, पुसला की तिथेच. मग एक दिवस त्याने चिडून मागच्या मोरीतून भागीरथाची, म्हणजे त्याच्या बायकोची, भांडी घासायची राख उचलली, अर्धं लिंबू घेतलं, आणि म्हणाला, पाहू बेट्या, तू निघतो का मी. राखेने बोटांना तरी धातू लागल्यासारखा वाटला, म्हणून तीन आठवडे रोज राख. मेस्त्रीचे शब्द विसरला असं नाही. आठवत होते, पण डोळ्यासमोर मळ दिसत असताना माणूस दुसऱ्याचं सांगणं कुठवर धरून बसेल? आजही सकाळपासून चारही टोप्यांवर त्याने असा हात चालवला होता की खांदा भरून आला. दुपारी साडेतीनच्या गाडीने डॉक्टरांची मुलगी पुष्पाताई तीन महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी येणार होती. बाळाची ही पहिली मोटार. टोप्या लख्ख असायलाच हव्या होत्या.

त्याने पान्याने टोपी सैल केली, फिरवून काढली आणि ती घेऊन तो उन्हात उभा राहिला. डाव्या डोळ्याजवळ धरली, मग उजव्या. उन्हाचा एक गोळा तिच्यावर फुटला आणि डोळ्यात पाणी आलं. रंग काही हाती लागेना. सोनं म्हणावं तर तसं, शिसं म्हणावं तर तसं. टोपी लपवल्यासारखी धोतराच्या सोग्यात धरून तो बंगल्याच्या मागे आपल्या खोलीकडे गेला. भागीरथा मोरीवर लोटा घासत बसली होती.

‘हे पाह्य वं. कोणता रंग आहे?’

तिने वर पाहिलं. ‘पितळ आहे ना. काहून?’

‘नीट पाह्य.’

‘आता काय नीट पाहू? माह्या लोट्यासारखं पिवळं धम्म आहे. चारही तशाच करून ठेवल्या तुमी. मले वाटलं, साहेबानंच सांगतलं असंन.’

‘कधीपासून?’

‘झाले आठ-दहा दिवस,’ ती म्हणाली, आणि मग तिचा हात लोट्यात तसाच राहिला. ‘तुमाले दिसून नाही राहिलं काय?’

तो टोपी घेऊन तसाच वळला. परत मोटारीपाशी आला, पायरीवर बसला आणि टोपी मांडीवर घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवत राहिला. मुलामा गेला होता. त्याने स्वतःच्या हाताने, रोज, आंघोळ करून, देवाचं नाव घेऊन तो खरवडून काढला होता. आणि टोप्या मळल्याच नव्हत्या. पोळ्याला जशा लख्ख होत्या तशाच त्या राखेखाली गेल्या, आणि पांढुरका थर होता तो कुठे होता हे आता त्याला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.  मग एकेक गोष्ट येऊन समोर बसू लागली, बोलावल्यावाचून. पुढची काच खराब झाली आहे म्हणून त्याने ती दोनदा सोड्याने धुतली होती. गिरण्यांचा धूर फार झाला आहे असं तो सगळ्यांना सांगत फिरला होता. दिव्यांना ब्लॅकआउटचे काळे मुखवटे घातल्यापासून रस्ताच दिसत नाही, म्हणून सरकारला शिव्या घातल्या होत्या. समोरून येणारा माणूस अगदी जवळ येईपर्यंत नुसती एक सावली असते, आणि जवळ आल्यावर एकदम त्याला नाक-डोळे फुटतात. हे सगळ्यांनाच तसं होत असेल असं तो धरून चालला होता. एवढी मोठी गोष्ट स्वतःपासून लपवायला अक्कल लागते. ती त्याच्यात भरपूर होती म्हणायची.

साडेतीनची गाडी. तीन महिन्यांचं बाळ. पुष्पाताई मागे बसेल, बाळाला पदराखाली घेऊन, आणि लहानपणी शाळेत जाताना म्हणायची तसं म्हणेल, मारोतराव, भरधाव सोडा ना. आणि तो सोडेल? काय पाहून सोडेल? न सांगता स्टिअरिंगच्या चाकामागे बसावं तर हे असं. आणि सांगावं, तर सांगून झाल्यावर मारोतराव कोण? मोटार चालवतो म्हणून मारोतराव. काटोलकडल्या भावांनी शेती वाटून घेतली तेव्हा त्याने हसत हसत आपला वाटा सोडला, तो याच चाकाच्या भरवशावर. मागची खोली, भागीरथाची मोरी, अंगणातलं तुळशीचं रोप, सगळं त्या चाकाला बांधलेलं. दुपारी एकच फेरी होती, धंतोली ते स्टेशन, दीड मैलाची. डोळे मिटून जाईल असा रस्ता. त्याच्याच मनात हा शब्द आला आणि त्याची त्यालाच भीती वाटली.

पहिल्यांदा या चाकामागे बसला तेव्हाही तो असाच भ्याला होता. त्याआधी दहा वर्षं तो डॉक्टरांचा टांगा हाकत असे. चंद्री नावाची पांढरी घोडी होती, तिला डॉक्टरांपेक्षा रोग्यांची घरं जास्त पाठ. डॉक्टरांनी मोटार घेतली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, कामठीच्या छावणीतून शिकलेला ड्रायव्हर आणा. एक आलाही होता, खाकी कोट घालून, छाती काढून. मारोतराव चंद्रीचा खरारा करत हे सगळं तबेल्यातून ऐकत होता. आता आपण गावाकडे जायचं, असं त्याने मनाशी धरलं होतं. डॉक्टर तबेल्यात आले आणि म्हणाले, ‘मारोतराव, घोडीला तू कधी चाबूक लावलेला मी पाहिला नाही. मोटारही तुझ्याच हातात देईन म्हणतो. शिकशील?’ तो शिकला. कस्तुरचंद पार्कच्या मोकळ्या मैदानात महिनाभर शिकला. पहिल्याच दिवशी तिथल्या एकुलत्या एका लिंबाच्या झाडावर मोटार नेऊन घातली, आणि मडगार्डला पडलेला पोचा पाहून त्याला रडू कोसळलं. डॉक्टर शेजारीच होते. ते खाली उतरले, झाडाला हात लावून पाहिलं आणि म्हणाले, ‘रोगी वाचेल.’ त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. तो पोचा पंधरा वर्षांनीही मडगार्डवर होता. धुताना रोज त्याच्या बोटांना लागायचा आणि रोज त्याला बरं वाटायचं.

नाही, पण सावल्याच दिसत होत्या तर गेले आठ महिने मोटार एवढी नीट कशी चालली? हा विचार त्याच्या मनात आधी एक सबब म्हणून आला. बुडणारा माणूस हात मारतो तसा त्याने त्याला हात घातला. आठ महिन्यांत एक ओरखडा नाही. सीताबर्डी, महाल, इतवारी, शुक्रवारी तलावाची ती चिंचोळी गल्ली, कुठे कुठे गेलो, आणि कुणाच्या कोंबडीलाही धक्का नाही. मग आपण आंधळे कसे? शेवटचं काही झालं ते फेब्रुवारीत, गांधीबागेत. कापडाच्या गाठी लादलेली एक हातगाडी एकदम कुठूनशी समोर उभी राहिली आणि डावं मडगार्ड तिला खरचटलं. कुणाला लागलं नाही. तो हातगाडीवाल्यावर ओरडला होता, आणि हातगाडीवाला उलट म्हणाला होता की मी तर इथे केव्हाचा उभा आहे, बापा. डॉक्टर मागे बसले होते. काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाले, ‘तुझ्या डोळ्यात काही गेलं का गा? पाणी येऊन राहिलं,’ आणि त्याला खिडकीशी उभं करून, पापणी वर उचलून, बॅटरीच्या उजेडात दोन्ही डोळे बघितले. ‘कचरा होता,’ म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांची कंबर दुखायला लागली.

मारोतरावाचा अंगठा टोपीवर जागच्या जागी थांबला.

मागच्या सीटवर धक्के बसतात, कंबर धरते, असं म्हणून डॉक्टर पुढे येऊन बसले ते कायमचेच. डावा हात मांडीवर, उजवा दोघांच्या मध्ये असलेल्या हँडब्रेकवर टेकलेला. कंबरेला आधार लागत असेल, असं त्याला वाटलं होतं. आणि पुढे बसायला लागल्यापासून या माणसाची बडबड अशी काही वाढली की विचारू नये. एरवी दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारे डॉक्टर, मोटार फाटकातून बाहेर पडली की सुरू. ‘बघ गा मारोतराव, समोरून बंडी आली. केवढा कापूस भरलाय, अर्धा रस्ता अडवलाय लेकाने.’ ‘ही म्हातारी पाहिलीस? संत्र्यांची टोपली घेऊन खुशाल मधोमध चालली आहे. बहिरी दिसते.’ ‘पोलिसाने हात काय ऐटीत वर केलाय, जसा लाटसाहेबच.’ ‘उजवीकडच्या गल्लीतून पोरं सुटली शाळेची. कोणाच्याच डोक्याला टोपी नाही, काय दिवस आले.’ मारोतराव हूं हूं करायचा, आणि हूं म्हणता म्हणता बंडीला वाट द्यायचा, म्हातारीसाठी हळू व्हायचा, पोलिसापाशी थांबायचा. घरी येऊन भागीरथाला सांगायचा, साहेब म्हातारे झाले वं, तोंडाले खळ नाही. तिच्यासमोर नक्कल करून दाखवायचा. दोघं हसायची. आणि रात्रीची मोटार? तीही त्याच महिन्यात बंद झाली. पेट्रोलची कुपनं पुरत नाहीत, रात्री रोग्याने टांगा पाठवावा, असं डॉक्टरांनी ठरवलं. एका पहाटे महालातल्या अडलेल्या बाळंतिणीसाठी ते त्याला न उठवता टांग्यातून निघून गेले, तेव्हा तो असा रुसला होता की दोन दिवस त्यांच्याशी धड बोलला नाही. दोन दिवस त्यांनी त्याचा रुसवा खाली मान घालून सोसला. कुपनं कमी पडतात हे खरं होतं. पण टाकीत नेहमी दोन गॅलन शिल्लक असायचं, आणि टाकी तोच भरायचा.

म्हणजे आठ महिने मोटार दोघं मिळून चालवत होते. हात त्याचे आणि डोळे डॉक्टरांचे.

हे कळल्यावर त्याला काय झालं ते सांगणं कठीण आहे. आधी शरमेने कानशिलं तापली. ज्या माणसाची नक्कल करून आपण बायकोला हसवलं तो माणूस रोज जिवावर उदार होऊन आपल्या शेजारी बसत होता, एक हात ब्रेकवर ठेवून. मग थोडा राग आला, की एवढं कळत होतं तर स्पष्ट का सांगितलं नाही? पण स्पष्ट सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं का? त्याने काच धुतली असती, धुराला शिव्या दिल्या असत्या. डॉक्टरांना त्याचा स्वभाव ठाऊक होता. चंद्रीला पाणी पाजायचं तर तिच्यासमोर बादली ठेवून दूर व्हावं लागायचं, धरून ओढली की ती तोंड फिरवायची. डॉक्टरांनी हे दहा वर्षं पाहिलं होतं. ते बादली ठेवून दूर उभे राहिले होते. आणि मग राग, शरम सगळं विरघळून मारोतरावाच्या छातीत जे भरून आलं ते इतकं मोठं होतं की ते कुठे ठेवावं हे त्याला समजेना. या घराने आपल्याला काय दिलं नाही? आई गेली तेव्हा स्वतःच्या अंगावरचं धोतर दिलं, भागीरथाला टायफॉइड झाला तेव्हा बाई रात्रंदिवस उशाशी होत्या. ते सगळं त्याला पाठ होतं, तो ते चारचौघांत सांगायचाही. पण हे आठ महिन्यांचं देणं कुणी बोललं नव्हतं. न मागता, न कळता, रोज बंडी-बंडीने, म्हातारी-म्हातारीने मिळत राहिलं होतं. त्याने मोटारीच्या गार पत्र्यावर, त्या जुन्या पोच्यावर, कपाळ टेकवलं. डोळ्यात पाणी आलं, आणि आज ते कचऱ्याचं नव्हतं.

बाईंना ठाऊक असेल? सकाळची थट्टा आठवली. सोनं आजच काढून बसलात होय. आठ-दहा दिवस चारही टोप्या पिवळ्याधम्म आहेत आणि बाई आजच बोलल्या. बाळ यायच्या दिवशी.

त्याने टोपी परत बसवली, पान्याने आवळली. उरलेल्या तिन्ही कोरड्या फडक्याने निगुतीने पुसल्या, जशा आहेत तशा, पितळेच्या. हात धुतले, डोक्याला टोपी घातली, खुंटीवरची किल्ली घेतली आणि तो व्हरांड्याच्या पायऱ्या चढला. सहा पायऱ्या होत्या; आज पहिल्यांदाच त्याने त्या मोजून चढल्या. डॉक्टर आतल्या खोलीत पूजेपाशी होते. नवमीला या घरी हत्यारं मांडत. पाटावर तांदळाची रास, तिच्यावर डॉक्टरांच्या ठेवणीतल्या सुऱ्या-कात्र्या, छाती तपासायची जुनी नळी, बाईंची विळी, स्वयंपाकिणीचा सांडस. मांडलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत विसावा, त्याला कुणी हात लावायचा नाही. किल्ली मात्र त्यात कधी नसे, कारण रोगी काही दिवस बघून येत नाहीत. मारोतराव दाराशी उभा राहिला. डॉक्टर त्याला दिसत होते ते एक पांढरी उंच सावली म्हणून, आणि बाई त्यांच्या शेजारी, हिरवी.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘मले दिसून नाही राहिलं.’

 आत कुठेतरी पुरण शिजत होतं त्याचा वास आला.

‘म्यां चाकाच्या टोप्यांचं निकेल खरवडून टाकलं. मले वाटे, मळ आहे. आज मी टेशनवर गाडी नाही नेत. लेकरू आहे.’

पांढरी सावली पुढे आली आणि तिला डॉक्टरांचा चेहरा फुटला. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, बराच वेळ पुसला. ‘टोप्यांचं मला काही वाटत नाही,’ ते म्हणाले. ‘पितळही चांगलं दिसतं. मोतीबिंदू आहे गा. दोन्हीकडे. मी फेब्रुवारीतच पाहिला. पण कच्चा होता, तो पिकल्याशिवाय काढता येत नाही. आणि तू...’

‘आणि मी कच्चा होतो,’ मारोतराव म्हणाला.

डॉक्टर हसले. हसता हसता त्यांचा आवाज जरा चिरकला. ‘डावा पिकलाय आता. दिवाळी झाली की काढून घेऊ. माझा एक दोस्त आहे, त्याचा हात हलका आहे. नंतर जाड भिंगाचा चष्मा लागेल. पुन्हा गाडी चालवशील असं मी वचन देत नाही. चाकं घासशील, ते नक्की. तोवर गाडी उभी राहील. मी दुसरा माणूस ठेवणार नाही.’

‘आणि तुमाले कुठं जा लागलं तर?’

‘टांग्याने जाईन. आधी जात नव्हतो का?’

मारोतरावाने किल्ली पुढे केली. बाईंनी त्याचं मनगट धरलं, आणि डॉक्टरांच्या हाताकडे न नेता खाली, पाटाकडे नेलं. ‘इथे ठेवा,’ त्या म्हणाल्या. त्याच्या बोटांना आधी तांदूळ लागले, मग नळीचा गार धातू, आणि तिच्या शेजारी एक विड्याचं पान, वर सुपारी, पुढे जागा मोकळी. किल्लीएवढीच. तो चाचपडत राहिला. ‘ही कोणाची जागा आहे बाई?’

‘तुमचीच. सकाळी मांडणी केली तेव्हाच ठेवली. म्हटलं, बघू या येता का. आला नसता तरी मी मागून घेणारच होते, हत्यार मांडायचं म्हणून.’

‘मी म्हणणार होतो पेट्रोल संपलं,’ डॉक्टर पुटपुटले.

‘टाकीत दोन गॅलन आहे साहेब.’

‘ठाऊक आहे. म्हणून तर हिला कारण शोधायला लावलं.’

बाईंनी किल्लीला हळदकुंकू लावलं, वर एक झेंडू ठेवला. मारोतरावाने हात जोडले. मागायला काहीच आठवेना, म्हणून तो नुसता हात जोडून उभा राहिला. एवढ्यात फाटकाशी घुंगरं वाजली, घोडं फुरफुरलं. रुपराव टांगेवाला आला होता. कुणी बोलावला हे मारोतरावाने विचारलं नाही. रुपरावाने स्वतःच सांगितलं, बाईंनी सकाळी सातलाच निरोप धाडला होता.

‘चल तू पण,’ डॉक्टर म्हणाले. ‘पुष्पी आधी तुलाच शोधेल.’

डॉक्टर सवयीने पुढे, रुपरावाशेजारी बसले. मारोतराव मागच्या बाकावर, त्यांच्या पाठीला पाठ लावून, मागे जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसला. टांग्यात तो असा मागे कधी बसला नव्हता. बंगल्याचं फाटक लांब गेलं आणि त्याच्या आत मोटारीचा काळा ठिपका. त्या ठिपक्याच्या खाली दोन ठिकाणी ऊन चमकलं. रंग कोणता ते त्याला कळलं नाही, पण चमकलं एवढं त्याला दिसलं. टांगा मोठ्या रस्त्याला लागला.  मग पाठीमागून डॉक्टरांचा आवाज आला, नेहमीचा, मोटारीतला.

‘बंडी आली बघ समोरून. कडब्याची आहे, डावीकडे कलली आहे पार.’

‘दिसून राहिली मले, साहेब,’ रुपराव जरा तुटकपणे म्हणाला. वीस वर्षं टांगा हाकणाऱ्याला कुणी बंडी दाखवावी, हे त्याला लागलं असावं.

डॉक्टर गप्प झाले. मारोतरावाला त्यांची पाठ आपल्या पाठीला लागलेली कळत होती, अवघडून ताठ झालेली. बंडी करकरत बाजूने गेली, कडब्याचा वास आला आणि मागे राहिला.

‘सांगा साहेब,’ मारोतराव मागूनच म्हणाला. ‘तुमी सांगत राहा. मी ऐकून राहिलो.’

ती पाठ हळूहळू सैल झाली. डॉक्टरांनी घसा खाकरला. ‘डावीकडच्या बोळातून एक मास्तर येऊन राहिला गा सायकलवर,’ ते म्हणाले. ‘हातात छत्री, आणि तीही उघडी. आता हा पडतो की काय.’

मारोतरावाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. ते त्याच्या नकळत जरासे उजवीकडे वळले आणि मास्तर सुखरूप निघून गेल्यावर पुन्हा सरळ झाले.